टाइम-वेट राहू दे, क्लोज-वेट मोज

कनेक्शनांच्या यादीत हजारभर टाइम-वेट (बंद झालेल्या टीसीपी कनेक्शनची शेवटची थांबलेली स्थिती) दिसले म्हणून सर्व्हर रीस्टार्ट करू नकोस रे. जी बाजू कनेक्शन आधी बंद करते, तिच्याकडे ते लिनक्सवर 60 सेकंद रेंगाळतंच. वाटेत अडकलेलं जुनं पॅकेट नव्या कनेक्शनमध्ये घुसू नये म्हणून. तुझाच सर्व्हर एका डेटाबेसकडे सारखी नवी कनेक्शनं उघडत असेल तर मात्र बघ. असं प्रत्येक रेंगाळणारं कनेक्शन एक पोर्ट (कनेक्शनचा क्रमांक) अडवून ठेवतं, आणि त्यासाठीचे पोर्ट मुळात 32768 ते 60999, म्हणजे जेमतेम 28 हजार. तिथे कनेक्शन पूल लाव, म्हणजे उघडलेली कनेक्शनंच पुन्हा पुन्हा वापरली जातील.

खरी डोकेदुखी क्लोज-वेट. समोरच्याने फोन ठेवलाय आणि आपला प्रोग्राम रिसीव्हर कानाला लावून बसलाय! याला टाइमआउटही नाही. माझ्याकडे एकदा रात्रभर आकडा चढत गेला, 40, 300, 900, आणि पहाटे 'टू मेनी ओपन फाइल्स'. प्रत्येक सॉकेट (कनेक्शनचं आपल्या प्रोग्रामकडचं टोक) उघडी फाइल म्हणून मोजलं जातं, आणि मर्यादा 1024 ची होती. एरर आल्यावर सॉकेट बंद करायची एक ओळ कोडमध्ये राहिली होती. मी दोन तास कर्नलच्या (लिनक्सच्या गाभ्याच्या) सेटिंग्ज उकरत बसलो.

कनेक्शनं बघायला नेटस्टॅटपेक्षा 'एसएस' (ss) ही कमांड वापर. रूट (सर्वाधिकारी युजर) म्हणून 'पी' (-p) पर्याय जोडलास की प्रोसेसचं नावही दिसतं. क्रॉनमधून (ठरल्या वेळी आपोआप कामं चालवणारी सोय) दर मिनिटाला स्थितीनिहाय मोजणी फाइलमध्ये टाकत जा, आठवडाभरात तुझ्या सर्व्हरचा रोजचा आकडा कळेल.