दिसतं काय, हातात काय

पुणे

अनेक आशीर्वाद.

भटक्या कुत्र्यांची संख्या आटोक्यात कशी आणायची, यावरचा तुझा गणिती मसुदा परवा रात्री पूर्ण वाचला. उकल असण्याचं प्रमेय चोख आहे. लायपुनोव्ह फंक्शनचा (प्रणाली स्थिर राहते हे दाखवणाऱ्या फंक्शनचा) भाग तर फारच आवडला. तशा फंक्शनला ठरलेली पद्धत नसते, ते सुचावं लागतं आणि तुला सुचलंय. पत्रात तू विचारलं आहेस की पीएच.डी.साठी कंट्रोल थिअरी (प्रणालीला हवं तसं वळवण्याचं गणित) धरू, पॉप्युलेशन डायनॅमिक्स (संख्येच्या चढउताराचं गणित) धरू की अल्गोरिदम. तुझ्या भटक्या कुत्र्यांच्या प्रश्नात तिन्ही आहेत, तेव्हा प्रबंधाच्या मुखपृष्ठावर कोणतं नाव टाकायचं ते गाईड बघतील. त्यावर झोप उडवू नकोस.

माझी तक्रार वेगळी आहे. अख्ख्या मसुद्यात एकदाही येत नाही, की हे नियंत्रण चालवणार कोण, त्याला दिसतं काय आणि त्याच्या हातात काय आहे. कंट्रोल थिअरीतल्या काल्मननं १९६०च्या सुमारास ऑब्झर्व्हेबिलिटी (दिसतं त्यावरून आतली स्थिती कळते का) आणि कंट्रोलेबिलिटी (हातात आहे त्यानं ती हवी तिथं नेता येते का) मांडली ती याच दोन प्रश्नांसाठी. तू त्यांच्या रँकच्या (मॅट्रिक्सवरच्या) अटी इमानेइतबारे तपासल्यास, पण आउटपुट, म्हणजे मोजता येणारी गोष्ट, म्हणून घेतलंस काय, तर शहरातल्या कुत्र्यांची एकूण संख्या. ती कुणाला दिसते गं?

दिसतात ते कान. निर्बीजीकरण झालेल्या कुत्र्याच्या कानाला खूण म्हणून खाच पाडतात. सकाळी लवकर एखाद्या पेठेतून चक्कर मारली की दहातल्या किती कानांना खाच आहे ते मोजता येतं. दुसरी दिसणारी गोष्ट म्हणजे वर्षभरात झालेल्या शस्त्रक्रियांची नोंद. बास, एवढंच. जन्म दिसत नाहीत, मृत्यू त्याहून नाहीत.

आता एवढ्यावरून काय निघतं बघ. समज, वर्षाला १२,००० शस्त्रक्रिया होतात आणि खाचेचं कुत्रं त्यानंतर सरासरी ३ वर्षं जगतं. परिस्थिती स्थिर असेल तर खाचेची कुत्री ३६,००० असणार. मोजणीत पाचांतल्या तिघांना खाच दिसली, तर एकूण कुत्री ६०,०००. सुटसुटीत आहे. पण ते ३ वर्षं कुठून आले? ३ऐवजी २ धरलेस तर तेच कान आणि तीच नोंद ४०,००० सांगतात. म्हणजे सगळं गणित एका आकड्यावर उभं आहे आणि तुझ्या तक्त्यात त्याच्यापुढे नुसतं 'गृहीत' लिहिलंय. चौथ्या प्रमेयाला जो महिना दिलास तो या आकड्याला दे. खाचेच्या कुत्र्यांचे फोटो काढून ठेव, दर महिन्याला त्याच गल्ल्यांत जाऊन कोण पुन्हा दिसतं ते टिपत जा. खुणेच्या प्राण्यांवरून संख्या आणि आयुष्य काढण्याची ही रीत माशांवर आणि पक्ष्यांवर केव्हाची वापरात आहे.

त्याच मृत्युदरात आणखी एक गोष्ट दडलीय आणि ती तू लिहायलाच हवी होतीस. आज एका दिवसात शहरातल्या झाडून सगळ्या कुत्र्यांची नसबंदी केली, तरी सरासरी आयुष्य ३ वर्षं धरलं तर वर्षाअखेर ७२ टक्के कुत्री रस्त्यावरच असतील. भटक्या कुत्र्यांबाबतच्या २००१च्या नियमांपासून, काही अपवाद सोडले तर, तत्त्व हेच आहे, की उचललं तिथंच परत सोडायचं. मग संख्या उतरणार ती फक्त नैसर्गिक मरणाच्या वेगानं. नगरसेवकाला फरक हवा असतो पुढच्या उन्हाळ्यापर्यंत. कितीही पैसा ओतला तरी या प्रणालीचा वेग वाढत नाही, हे त्याला एका आलेखात दाखवता आलं, तर तो आलेख तुझ्या प्रमेयांपेक्षा जास्त लोक बघतील.

आता कॉस्ट फंक्शन, म्हणजे खर्चाचं सूत्र. प्रयत्नाच्या वर्गाच्या प्रमाणात खर्च वाढतो असं तू धरलंस. का, ते मला ठाऊक आहे आणि तुलाही. पोंट्रियागिनचं मॅक्सिमम प्रिन्सिपल (सर्वोत्तम नियंत्रण शोधण्याचा नियम) लावलं की वर्गामुळे नियंत्रणाचं सूत्र एका ओळीत सुटं होतं आणि आलेख गुळगुळीत येतो. साथीच्या रोगांवर असे पेपर ढिगानं निघालेत: मॉडेल घ्या, वर्ग घाला, चार आलेख काढा. पण शस्त्रक्रियेचा खर्च तसा वाढतच नाही. एका कुत्र्यामागे पैसे जवळपास ठरलेले असतात. पिंजरे आणि टेबलं भरली की तिथंच थांबायचं, पुढे पैसे असून उपयोग नाही. म्हणजे खर्च सरळ रेषेत आणि वर पक्की मर्यादा. मग उत्तर बहुधा बँग-बँग निघतं, पूर्ण जोर नाहीतर शून्य. ते दिसायला ओबडधोबड असतं, पण महापालिकेला वापरता येतं. शिवाय पहिली कुत्री पटकन हाती लागतात आणि उरलेली गाडीचा आवाज ओळखून पसार होतात. म्हणजे दर कुत्र्यामागचा खर्च किती कुत्री उरली यावर ठरतो. हे घातलंस की प्रश्न कठीण होईल आणि तिथून पुढचं काम खरोखर तुझं असेल.

उत्तर काढायला काळात पुढे-मागे फिरणारी जी इटरेशन (तीच आकडेमोड पुन्हा पुन्हा) तू वापरलीस तिच्यावर एकटीवर विसंबू नकोस. मुदत लांबली की ती कधीकधी अभिसृत होत नाही (एका उत्तरावर स्थिरावत नाही) आणि झाल्यासारखी मात्र दिसते. काळाचे तुकडे पाडून, सरळ ऑप्टिमायझेशन सॉल्व्हरला देऊन तेच उत्तर येतं का, ते ताडून पाहा.

मसुद्याच्या शेवटी तू लिहिलंस की मॉडेल आकड्यांशी 'उत्तम जुळतं, म्हणून ते ग्राह्य'. हे वाक्य आधी काढ, जुळलं म्हणजे खरं असतं असं नाही. प्लेग म्हटलं की पुणेकराला १८९७, रँड आणि चापेकर आठवतात, रुग्णसेवा करता करता गेलेल्या सावित्रीबाई आठवतात. आपल्या धंद्यातल्या माणसाला मात्र मुंबईचा १९०५-०६चा प्लेग आठवायला हवा. साथीच्या रोगांच्या गणितावरच्या, कर्मॅक आणि मॅकेन्ड्रिक यांच्या १९२७च्या प्रसिद्ध निबंधात जो आलेख आहे तो मुंबई बेटावरच्या त्या साथीतल्या दर आठवड्याच्या मृत्यूंचा. मॅकेन्ड्रिक स्वतः इंडियन मेडिकल सर्व्हिसमधले. त्यांच्या सूत्राचा घंटेसारखा वक्र त्या बिंदूंवर इतका छान बसतो, की शंभर वर्षं तो पाठ्यपुस्तकांत छापला जातोय. पण मॉडेल म्हणतं, रोग माणसाकडून माणसाला होतो आणि बळी पडण्याजोगी माणसं कमी झाली की साथ ओसरते. मुंबईतला प्लेग उंदरांचा आणि पिसवांचा. माणसातली साथ म्हणजे उंदरांतल्या साथीचं प्रतिबिंब, हे त्या दोघांनी त्याच निबंधात कबूल केलंय. शिवाय तो दरवर्षी ठरावीक मोसमात यायचा आणि उन्हं तापली की उतरायचा. म्हणजे एकाच घंटेला दोन कारणं, माणसं संपत आली किंवा हवा बदलली. वक्र बघून कारण कळत नाही. आणि नियंत्रण करणाऱ्याला तर कारणच हवं असतं, कारण साथ हवेनं उतरणार असेल तर त्या महिन्यात केलेल्या कुठल्याही उपायाला फुकटचं श्रेय मिळतं.

तुझं पाच वर्षांचं वेळापत्रक 'इष्टतम' असेलही. पण टेंडर सहा महिने रखडलं की ते कागदावरच राहणार. वेळापत्रक नको, नियम हवा: मोजणीत खाचेच्या कानांचं प्रमाण इतकं असेल तर इतक्या गाड्या. फरक किती पडतो ते बघायचं असेल तर उजनीच्या फुगवट्यातल्या, भिगवणकडच्या मासेमारीवर विचार कर. लॉजिस्टिक वाढ धर, म्हणजे साठा क्षमतेजवळ गेला की वाढ मंदावते. जास्तीत जास्त टिकाऊ उत्पन्न पाण्याच्या क्षमतेच्या निम्म्या साठ्यावर मिळतं. तेवढाच ठरलेला कोटा दरवर्षी काढत राहिलीस आणि एका वाईट पावसाळ्यानं साठा निम्म्याखाली गेला, की तो परत वर येत नाही, संपतोच. साठ्याच्या ठरावीक प्रमाणात मासे काढलेस तर स्थिर अवस्थेत उत्पन्न तेच, पण धक्का बसला तरी गाडी रुळावर येते. हे गणित बी.एस्सी.च्या पोराला सुटतं, आणि तरी लोक कोटेच ठरवत बसतात.

अल्गोरिदमच्या प्रकरणात वॉर्ड निवडायला तू ग्रीडी पद्धत (दर वेळी सर्वात फायद्याचा वॉर्ड उचलायचा) घेतलीस आणि सर्वोत्तम उत्तराच्या 'किमान ६३ टक्के'ची हमी लिहिलीस. ती हमी सबमॉड्युलर फंक्शनसाठी आहे, म्हणजे प्रत्येक नव्या वॉर्डाचा फायदा आधीपेक्षा कमी होत जातो तिथं. इथं उलट होऊ शकतं. एकटी धायरी घेतलीस तर शेजारून कुत्री येत राहतात. धायरी आणि वडगाव एकत्र घेतलंस तर दोघांच्या बेरजेपेक्षा जास्त पदरात पडतं. हमी तिथंच गळाली. याला पर्याय काय, हा मला तुझ्या सगळ्या कामातला सर्वात मोलाचा प्रश्न वाटतो. त्याचा वेगळा पेपर कर, घाई न करता.

एक बारीक गोष्ट. आकड्यांवरून मॉडेलमधले दर शिकत जाणाऱ्या अल्गोरिदमची पावलं (नव्या आकड्यानं अंदाज किती हलवायचा ते) तू कमी कमी होत जाणारी घेतलीस, रॉबिन्स आणि मन्रो यांच्या १९५१च्या पद्धतीप्रमाणे. सिद्धतेला ते सोयीचं आहे. पण पुण्याची हद्द २०१७मध्ये ११ गावांनी वाढली आणि २०२१मध्ये आणखी २३ गावांनी. जुने-नवे आकडे एकाच रांगेत ठेवून चालणार नाही आणि खाली खाली येणारी पावलं असा बदल पकडूही शकणार नाहीत. पाऊल लहान पण कायम ठेव, उत्तर थोडं थरथरलं तरी चालेल. या भागाला गणितज्ञ विवेक बोरकरांचं स्टोकॅस्टिक ॲप्रॉक्सिमेशनवरचं (गोंगाटातून पावलापावलानं उत्तर गाठण्याच्या पद्धतीवरचं) काम नीट वाच. गोंगाट असलेला अल्गोरिदम डिफरन्शियल इक्वेशनसारखा कसा पाहायचा ते त्यात आहे, आणि तुझा पाया त्यासाठी पुरेसा आहे.

धर्मानंद कोसंबींचे चिरंजीव दामोदर कोसंबी फर्ग्युसनमध्ये गणित शिकवायचे. चलनात फिरून नाणी किती झिजतात यावरून कालक्रम लावायचा म्हणून ते स्वतः नाणी वजन करत बसायचे. त्याच माणसाचं १९४४चं मॅप फंक्शन (जनुकांमधलं अंतर काढण्याचं सूत्र) जनुकशास्त्रात आजही वापरतात. तुला तराजूची गरज नाही, पण गाडीबरोबर दोन-चार सकाळी जा. पकडणाऱ्यांशी बोल. कोणत्या गल्लीत कुत्री हाती लागत नाहीत ते त्यांना तोंडपाठ असतं आणि तुझ्या फंक्शनचा आकार तिथंच ठरणार आहे.

गाईडबद्दल एवढंच, की भेटायला जाशील तेव्हा त्यांच्या जुन्या विद्यार्थ्यांना आधी गाठ. संस्थेचं नाव नंतर बघ.

पुढच्या मसुद्यात चौथं प्रमेय नसलं तरी चालेल, आयुर्मानाचा आकडा मात्र हवा, त्यात किती चूक असू शकते त्या मर्यादेसह. आणि गाडीबरोबर जाण्याआधी डॉक्टरांना विचारून रेबीजची लस घेऊन टाक.

तुझा,
सर