दंड भरून मोकळं व्हायची घाई नको

प्रश्न : मी मिहानमधल्या एका कंपनीत आहे. 6 मे 2021 ला ऑफिसच्या सांगण्यावरून आरटीपीसीआर चाचणी केली होती. ताप, खोकला काहीच नव्हतं. 8 मे ला, शनिवारी, तीन मित्रांसोबत गाडीने चिखलदऱ्याला गेलो. ई-पासमध्ये परतवाड्याचे काका गंभीर आजारी असल्याचं कारण टाकलं होतं. हॉटेलं बंद, म्हणून ओळखीतल्या एका कुटुंबाकडे उतरलो. त्याच दुपारी चारच्या सुमारास मोबाइलवर पॉझिटिव्हचा मेसेज आला. रात्र तिथेच काढली, कारण रात्री घाट उतरणं बरं वाटलं नाही. 9 मे ला दुपारी दोन वाजता परतवाड्याच्या नाक्यावर पोलिसांनी अडवलं, 10,000 रुपये दंड घेतला आणि गुन्हाही नोंदवला. नंतर त्या घरातल्या बाईंना कोरोना झाला, नऊ दिवस अमरावतीला दवाखान्यात होत्या. आता बऱ्या आहेत. एवढ्या वर्षांनी अचलपूर कोर्टाचं समन्स आलं आहे. भादंवि (भारतीय दंड विधान) 188, 269, 270 आणि आपत्ती व्यवस्थापन कायद्याचं 51(ब) लावलं आहे. चार्जशीट ऑगस्ट 2023 चं आहे. कंपनी जर्मनीला पाठवते आहे आणि पासपोर्टचं नूतनीकरण बाकी आहे. लोक अदालतीत कबुली देऊन दोन-पाचशे भरून संपवू का? दंड एकदा भरला असताना पुन्हा खटला कसा? बाईंना माझ्यामुळेच झाला कशावरून? त्या घरमालकांना फोन करून समजावलं तर चालेल का? तेव्हा तर सगळेच फिरत होते.
– एक वाचक, मानेवाडा रोड, नागपूर

उत्तर : शेवटचं वाक्य आधी घेतो, कारण ते कोर्टात तुमच्या तोंडून निघालं तर तुमच्या वकिलाला कपाळावर हात मारावा लागेल. सगळेच फिरत नव्हते. 22 एप्रिल 2021 च्या रात्री आठपासून राज्यात एका जिल्ह्यातून दुसऱ्या जिल्ह्यात जायला बंदी होती. वैद्यकीय निकड, अंत्यविधी, घरातलं गंभीर आजारपण आणि अत्यावश्यक सेवा एवढेच अपवाद होते. तुम्ही गेलात तेव्हा तो आदेश 15 मे पर्यंत वाढवलेला होता. आपल्या शहरात त्या दिवसांत एका खाटेसाठी लोक रात्रभर फोन करत होते, हे तुम्हीही पाहिलं असेल. मे महिन्यातल्या नागपूरच्या उन्हात चिखलदऱ्याची ओढ मला कळते. मीही दर उन्हाळ्यात जायचो. त्या वर्षी नाही गेलो, एवढंच.

आता कायदा. 10,000 चा दंड ही शिक्षा नव्हे. एकाच गुन्ह्यासाठी दोनदा शिक्षा नको, हे राज्यघटनेच्या कलम 20(2) मधलं संरक्षण कोर्टात खटला चालून शिक्षा झाली असेल तरच मिळतं. नाक्यावरची पावती जपून ठेवा, पण तिच्या भरवशावर राहू नका.

चार कलमांपैकी दोन लंगडी आहेत. सरकारी आदेश मोडल्याचा 188 चा गुन्हा पोलीस नोंदवू शकतात, पण कोर्टाला त्याची दखल घ्यायची तर ज्या अधिकाऱ्याचा आदेश मोडला त्याची किंवा त्याच्या वरिष्ठाची लेखी तक्रार लागते. फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम 195 मधली ही अट बंधनकारक आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने सी. मुनियप्पन खटल्यात 2010 मध्ये सांगितलेलं आहे. 51(ब), म्हणजे आपत्तीच्या काळात दिलेले सरकारी निर्देश न पाळणं, याचंही तसंच : आपत्ती कायद्याच्या कलम 60 प्रमाणे संबंधित प्राधिकरणाने, सरकारने किंवा अधिकार दिलेल्या अधिकाऱ्याने तक्रार करायची असते. कोणी खाजगी माणूसही करू शकतो, पण तीस दिवसांची नोटीस देऊन. तुमच्या कागदांत नुसतंच पोलिसांचं चार्जशीट असेल तर ही दोन्ही कलमं टिकणं कठीण. म्हणून पहिलं काम नकला काढण्याचं. सगळ्या पानांच्या. चार्जशीटला जिल्हाधिकारी किंवा तहसीलदारांची वेगळी तक्रार जोडलेली आहे का, ते मला त्यातूनच कळेल.

खरा खटला 269 आणि 270 चा. जीवघेण्या रोगाचा संसर्ग पसरण्याचा संभव आहे हे माहीत असताना, किंवा तसं वाटायला कारण असताना, निष्काळजीपणाने काही करणं म्हणजे 269. शिक्षा सहा महिन्यांपर्यंत किंवा दंड. तेच द्वेषबुद्धीने केलं तर 270. शिक्षा दोन वर्षांपर्यंत. तुमच्याबाबतीत द्वेषबुद्धी कुठून आणणार? ज्यांच्या घरी जेवलात त्यांच्यावर कसला राग? तरीही पोलिसांनी 270 लावलं आहे आणि त्याचं महत्त्व शिक्षेपेक्षा मुदतीत आहे.

हे नीट वाचा. एक वर्षापर्यंत कैदेची शिक्षा असलेल्या गुन्ह्याची दखल एका वर्षाच्या आत घ्यावी लागते. शिक्षा एक ते तीन वर्षांपर्यंत असेल तर मुदत तीन वर्षं. एकाच खटल्यात अनेक कलमं असली की सर्वांत जास्त शिक्षेचं कलम मुदत ठरवतं. कोरोनामुळे सर्वोच्च न्यायालयाने 15 मार्च 2020 ते 28 फेब्रुवारी 2022 हा काळ मुदतीतून वगळला होता. म्हणजे तुमचं घड्याळ 1 मार्च 2022 ला सुरू झालं. एक वर्ष धरलं तर ते फेब्रुवारी 2023 ला संपतं आणि ऑगस्टचं चार्जशीट उशिराचं ठरतं. तीन वर्षं धरली तर अगदी वेळेवर. 270 ही ती खुंटी आहे, जिच्यावर अख्खं प्रकरण टांगलेलं आहे. ती उपटली की 269 लाही मुदतीची बाधा येते. अर्थात सरकारी वकील गप्प बसणार नाहीत. एफआयआर तर 9 मे लाच झाला, तीच तारीख धरा, असं म्हणतील; 51(ब) मध्ये जीविताला धोका झाला तर दोन वर्षं शिक्षा आहे, हेही काढतील; आणि न्यायहितासाठी उशीर माफ करायचा अधिकार कोर्टाला असतोच. मुद्दा लढवण्यासारखा आहे, पण एकट्या त्याच्यावर भिस्त ठेवू नका.

तुमच्या मित्राने नागपूर खंडपीठाचा सप्टेंबर 2020 चा निकाल पाठवला असेल, म्यानमारच्या आठ नागरिकांवरचा टाळेबंदीतला गुन्हा रद्द झाला तो. सध्या तो माझ्याकडे महिन्यातून एकदा तरी कोणी ना कोणी पाठवतं. 188 च्या तक्रारीबाबत तो तुमच्या कामाचा आहे. 269-270 बाबत मात्र फरक लक्षात घ्या : त्या लोकांच्या चाचण्या निगेटिव्ह होत्या. तुमची पॉझिटिव्ह होती, आणि तुम्हाला ते कळलं होतं.

मी तुमचा प्रश्न तीनदा वाचला आणि तिन्ही वेळा त्याच जागी अडलो. शनिवारी दुपारी चार ते रविवारी दुपारी दोन. बावीस तास. त्याआधीचं सगळं मी कोर्टात मांडू शकतो : लक्षणं नव्हती, चाचणी ऑफिसच्या सांगण्यावरून होती, संसर्गाची शंका यायला कारण नव्हतं. मेसेजनंतर काय? चार वाजता ऊन असतं, घाट उतरायला पुरेसा उजेड असतो. त्या संध्याकाळी घरातल्यांना सांगितलंत का? जेवण आत झालं की अंगणात? तुम्ही वेगळ्या खोलीत होतात का? हे प्रश्न सरकारी वकील विचारायच्या आधी मी विचारेन, आणि मला खरी उत्तरं लागतील. पहिल्या भेटीत माझ्याशी खोटं बोललेले अशील मी सोडून दिले आहेत.

'बाईंना माझ्यामुळेच झाला कशावरून' हा युक्तिवाद 269 मध्ये चालत नाही. तिथे संसर्ग झालाच हे सिद्ध करावं लागत नाही, होण्याचा संभव पुरतो. हा मुद्दा नुकसानभरपाईच्या दिवाणी दाव्यात वजनदार ठरला असता, पण तशा दाव्याची तीन वर्षांची मुदत, वगळलेला काळ धरूनही, 28 फेब्रुवारी 2025 ला संपली. तिकडची काळजी सोडा.

ई-पासवर माझं मत ऐकायला कडू आहे. आजारी काकांची गोष्ट चार्जशीटमध्ये आलेली दिसत नाही. तिचा आधार घेऊन 'प्रवासाला परवानगी होती' असं लेखी देऊ नका. एक तर सरकारी नोकराला खोटी माहिती दिल्याचा नवा विषय तुम्हीच उघडाल. दुसरं, मी ते लिहून देणार नाही आणि कुठल्याही वकिलाने देऊ नये. गप्प राहण्याचा अधिकार तुम्हाला राज्यघटनेच्या कलम 20(3) ने दिलेला आहे. गप्प राहणं वेगळं, खोटं बोलणं वेगळं.

लोक अदालतीचं म्हणाल तर टाळेबंदीतली कित्येक 188 ची प्रकरणं तशी संपली, आणि ज्यांना पुढे कुठला अर्ज भरायचा नव्हता त्यांचं त्यात काही बिघडलं नाही. तुमचं बिघडेल. कबुली म्हणजे दोषसिद्धी. रक्कम पाचशेची असली तरी व्हिसाच्या अर्जात 'कधी शिक्षा झाली आहे का' याचं उत्तर आयुष्यभरासाठी बदलतं. 2022 मध्ये राज्य सरकारने टाळेबंदीतले 188 चे गुन्हे मागे घेण्याचं जाहीर केलं होतं. तुमच्या कागदावर आणखी तीन कलमं आहेत. त्या आशेवर तारीख चुकवू नका, नाहीतर वॉरंट घरी येईल आणि शेजारी बघतील.

पासपोर्टला वेळ लागेल. कोर्टाने दखल घेऊन समन्स काढलं आहे, म्हणजे तुमच्यावर फौजदारी खटला प्रलंबित आहे. फॉर्ममध्ये 'होय' लिहा. लपवलं तर पासपोर्ट कायद्याच्या कलम 12 खाली तो स्वतंत्र गुन्हा, आणि मिळालेला पासपोर्टही जप्त होऊ शकतो. मार्ग बंद नाही : 25 ऑगस्ट 1993 च्या केंद्र सरकारच्या अधिसूचनेप्रमाणे, ज्या कोर्टात खटला आहे त्या कोर्टाने परदेशी जायची परवानगी दिली तर पासपोर्ट मिळतो. आदेशात मुदत लिहिलेली नसेल तर तो एक वर्षाचाच निघतो, म्हणून अचलपूरला अर्ज करताना कंपनीचं पत्र जोडा आणि किती वर्षांसाठी हवा ते स्पष्ट मागा.

क्रम असा ठेवा : तारखेला स्वतः हजर व्हा, जामीन घ्या (सगळी कलमं जामीनपात्र आहेत), नकला काढा, परवानगीचा अर्ज टाका, आणि मग खटला रद्द करण्यासाठी इथे नागपूर खंडपीठात या. पूर्वी त्याला फौजदारी प्रक्रिया संहितेचं 482 म्हणायचे, आता तिच्या जागी आलेल्या नागरिक सुरक्षा संहितेचं 528.

राहिला फोन. अजिबात करू नका. ते गृहस्थ सरकारी साक्षीदार आहेत. तुमचा हेतू कितीही चांगला असो, साक्षीदारावर दबाव आणला असंच दिसेल. दवाखान्याचं बिल द्यायची इच्छा झाली तरी आत्ता नाही. तीन मित्रांपैकी कोणाच्या हातूनही नाही. प्रकरण कोर्टातून संपलं की चिखलदऱ्याला जा, त्या घरी बसा, आणि त्या रात्री मेसेज आल्यावर काय झालं ते स्वतः सांगा. त्यांना कदाचित ते अजून माहीतच नसेल.