रोबोटने जोडीदारासाठी स्वतःचं अंग काढून देणं: हे प्रेम की वेडेपणा?

तुमचा प्रश्न असा की ‘आय एम हिअर’ बघताना रडू आलं, दुसऱ्या दिवशी मात्र रागच आला. शेल्डनने केलं ते प्रेम की वेडेपणा, आणि आम्ही उत्तर देणारे स्वतः असं करू का?

प्रेमच आहे ते, पण एका हाताने वाजवलेली टाळी आहे.

ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. दिग्दर्शक स्पाइक जोन्झची 2010 सालची ही साधारण अर्ध्या तासाची फिल्म. शेल्डन हा लॉस एंजेलिसमधल्या एका लायब्ररीत काम करणारा रोबोट, डोकं जुन्या कॉम्प्युटरच्या डब्यासारखं. बसने येतो-जातो, रात्री घरी प्लगला जोडून चार्ज होतो. त्याला फ्रान्चेस्का भेटते. रोबोटांनी गाडी चालवायची नाही असा तिथला रिवाज, ही खुशाल चालवते. कॉन्सर्टच्या गर्दीत तिचा हात तुटतो, हा आपला काढून देतो. पुढे पाय जातो, हा पायही देतो. शेवटी ती पार मोडकळीला येते तेव्हा हा सगळं शरीरच देऊन टाकतो. हॉस्पिटलमधून व्हीलचेअरवरून बाहेर येते ती फ्रान्चेस्का, आणि तिच्या मांडीवर असतं शेल्डनचं नुसतं डोकं.

मी कोल्हापूरजवळ गोकुळ शिरगावला एका कारखान्यात मेन्टेनन्सला आहे. आमच्याकडे वेल्डिंगचे रोबोट आहेत, त्यामुळे आम्ही चौघा-पाचजणांनी ही फिल्म जेवणाच्या सुट्टीत मोबाईलवर बघितली ती आधी तांत्रिक चुका काढायलाच. आणि चूक पहिल्या हातालाच सापडली. एका रोबोटची मोटर काढून दुसऱ्याला बसवली की तो लगेच कामाला लागत नाही. आपला सांधा शून्यावर कुठे असतो हेच त्याला कळेनासं होतं. मग टीच पेंडंट, म्हणजे रोबोट हाताने हलवायचा रिमोट, हातात घेऊन तो अ‍ॅक्सिस हळूहळू खुणेवर आणायचा, मास्टरिंग करायचं, म्हणजे त्याला त्याचं शून्य पुन्हा दाखवायचं. तोवर प्रोग्रॅम चालवला तर वेल्डिंगचा टॉर्च भलत्याच जागी जाऊन आपटेल. फ्रान्चेस्का मात्र शेल्डनचा हात लावते आणि लगेच वापरायला लागते. आमच्यातला एकजण म्हणाला, “हिचं मास्टरिंग कुणी केलं रं?” त्यावर सगळे हसले.

पाय दिला तेव्हा हसू थांबलं. आमच्या धंद्यात हे रोजचं आहे. स्पेअर यायला वेळ लागणार असेल आणि डिस्पॅच तोंडावर असेल, तर बंद पडलेल्या मशीनचं काढून चालत्याला लावतात. आज कार्ड, उद्या केबल, परवा पंखा. काही महिन्यांत कोपऱ्यातल्या त्या मशीनचा फक्त सांगाडा उरतो, आणि ते संपवायचं असं कुणी ठरवलेलंही नसतं. शेल्डनचं वेगळं एवढंच, की त्याचं कुणी काढून घेतलेलं नाही. पाना त्याच्याच हातात आहे.

हा फरक मोठा आहे. विज्ञानकथा लिहिणाऱ्या आयझॅक असिमॉव्हने 1942 च्या एका कथेत रोबोटांसाठी तीन नियम मांडले. माणसाला इजा करू नको आणि होऊ देऊ नको. माणसाची आज्ञा पाळ, पहिला नियम मोडत नसेल तर. आणि पहिले दोन मोडत नसतील तर स्वतःला जप. या नियमांत रोबोटने जीव द्यायला जागा आहे, पण ती माणसासाठी. दुसऱ्या रोबोटसाठी झिजावं असं कुठेच नाही. शेल्डनला कुणी हुकूम दिलेला नाही, कुठला माणूस संकटात नाही. असिमॉव्हच्या हिशोबाने त्याने हात स्वतःजवळच ठेवायला हवा होता. तरी तो देतो, म्हणजे हे त्याच्यात भरलेल्या प्रोग्रॅमचं काम नव्हे. म्हणून मी त्याला वेडेपणा म्हणत नाही.

आता तुमच्या रागाबद्दल. आमच्याकडेही तो आलाच. एकजण म्हणाला, “बेणं येडं हाय, आणि ती त्याच्यापेक्षा बेफिकीर. दोनदा तुटली तरी अक्कल नाही.” हे ऐकून क्वालिटीतल्या मॅडम डबा बंद करता करता म्हणाल्या, “उलटं असतं, तिनं त्याला दिलं असतं, तर तुम्हीच म्हणाला असता, बायको असावी तर अशी!” कुणाला उत्तर सुचलं नाही. आपल्या देशात जिवंतपणी किडनी देणाऱ्यांत बायका जास्त आणि घेणाऱ्यांत पुरुष जास्त, हे डॉक्टर मंडळी कित्येक वर्षं सांगत आहेत. तिथे घेणाऱ्याला बेफिकीर म्हणताना मी कुणाला ऐकलेलं नाही. फ्रान्चेस्कावर जो राग येतो त्यातला थोडा तरी या सवयीतून येतो, माझ्यासकट.

थोडा म्हटलं, सगळा नाही. कारण अवयव देताना कायदासुद्धा (आपल्याकडचा 1994 चा) देणारा राजीखुशीने देतोय ना हे बघतो, आणि नवरा-बायको असले तरी जिवंत माणसाचं हृदय काढून द्यायला कुणी परवानगी देणार नाही. शेल्डनला अडवणारं कुणीच नाही. आणि जी फ्रान्चेस्का अडवू शकली असती, तिला शेवटच्या वेळी विचारण्याची सोयच उरलेली नसते.

इथे मला चेक लेखक कारेल चापेकचं ‘आर. यू. आर.’ हे नाटक जास्त पटतं. रोबोट हे नाव जगाला ज्या नाटकाने दिलं ते हे, 1920 सालचं. त्यात जगातली माणसं संपलेली असतात, एक म्हातारा अल्क्विस्ट तेवढा उरतो. नवे रोबोट कसे घडवायचे हे शोधायला त्याला एखाद्या रोबोटची चिरफाड करायची असते. तो हेलेना नावाच्या रोबोट मुलीला न्यायची भाषा करतो, तर प्रायमस नावाचा रोबोट म्हणतो मला ने. प्रायमसला न्यायचं म्हणतो, तर हेलेना पुढे होते. ते बघून म्हातारा त्यांच्यावर हत्यार उचलत नाही, दोघांना सोडून देतो. पहिल्याच रोबोट-नाटकात रोबोटांचं प्रेम असं आलंय: दोघंही द्यायला तयार, आणि म्हणून दोघांपैकी कुणालाच द्यावं लागत नाही.

शेल्डनच्या वाट्याला हे आलं नाही. फ्रान्चेस्का वाईट आहे असं नाही, तिने त्याला आनंद दिला, भिंतीबाहेरचं जग दाखवलं. पण “आता पुरे, तुझा पाय तुझ्याकडेच राहू दे” एवढं एक वाक्य तिने म्हणावं म्हणून मी दुसऱ्यांदा बघतानाही वाट बघत होतो.

मी असं करीन का? हात देईन. पायाच्या वेळी कडाडून भांडीन, आणि भांडून झाल्यावर बहुतेक तोही देईन. शरीर नाही. घरी बायकोला हा प्रश्न विचारला तर ती म्हणाली, “मला तुमचं शरीर नको, गुडघे आधीच गेलेत.”