टेस्टमध्ये 'रिअलिस्टिक' आलं म्हणजे आता आयटीआयच का?

नमस्कार ताई, पत्र वाचलं. मुलीला दहावीला ८१ टक्के, बाबांचा डॉक्टरकीच्या नीट परीक्षेचा हट्ट, आणि नेटवरच्या करिअरच्या फ्री टेस्टमध्ये पहिलं आलं रिअलिस्टिक नि शेवटी सोशल (म्हणजे लोकांना मदत करण्याची, शिकवण्याची आवड), म्हणून तुम्ही धसका घेतलाय की पोरीने आता पाना-पक्कडच धरायची का.

अहो, रिअलिस्टिक वगैरे सहा गट जॉन हॉलंड नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९५९ मध्ये मांडले, त्यातून आवड कळते, झेपेल की नाही ते नाही कळत. हाताने, मशीनवर काम करायला आवडणाऱ्यांचा हा गट, त्यात फिटर येतो तसा मेकॅनिकल इंजिनिअरही येतो (आणि आयटीआयमध्ये कमीपणा कसला, चांगला फिटर शोधून बघा मिळतो का). डॉक्टरकीसाठी सोशलच्या आधी इन्व्हेस्टिगेटिव्ह (विज्ञानाची, शोध घेण्याची आवड) बघायचं असतं, ते कितवं आलं तुम्ही लिहिलंच नाहीत.

आणि तुम्हीच लिहिलंय की टेस्ट देताना शेजारी बसून 'अगं हे नको, ते टिक कर' म्हणत होतात, मग निम्मा रिझल्ट तुमचाच झाला की! तरीही रिअलिस्टिक वर आलंय, आणि मिक्सर बंद पडला तर ही स्वतः खोलून कार्बन ब्रश बदलते म्हणता, मला तर टेस्टपेक्षा तो मिक्सर जास्त पटतो.

झेपण्याचं बघायला प्रिलिमचे पेपर काढा. विज्ञान भाग १ म्हणजे बहुतेक फिजिक्स-केमिस्ट्री, भाग २ मध्ये बायोलॉजी, दोन्ही ४०-४० मार्कांचे. कुठे पाठ करून मार्क आलेत आणि कुठे समजून, ते तिलाच विचारा, तिला बरोब्बर माहीत असतं.

तुम्ही कराडचे, तिथे गव्हर्नमेंट पॉलिटेक्निक आहे, दहावीवर तीन वर्षांचा डिप्लोमा आणि पुढे डिग्रीच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाता येतं. बाबा अडूनच बसले तर अकरावीला मॅथ्स-बायो दोन्ही घ्या, नीट आणि इंजिनिअरिंगची सीईटी दोन्ही रस्ते उघडे राहतात, पण लोड फार पडतो, मी स्वतः हा पर्याय शेवटी ठेवेन.

तर आता टेस्ट परत द्यायला सांगा, एकटीला, दार लावून. आणि तीच टेस्ट बाबांनाही भरू दे, 'माझी मुलगी काय उत्तर देईल' असं समजून. मग दोन्ही रिझल्ट मला पाठवा, प्रिलिमच्या मार्कांसकट.