कार्पेट निघालं, फोम काही निघेना!

प्रश्न : धरमपेठेतल्या आमच्या जुन्या घरात हॉलचं कार्पेट काढलं, पण खालचा फोम अन् पिवळा गोंद कोब्याला चिकटूनच बसलाय, आता टाइल्स लावायच्यात, थिनर ओतू का?

उत्तर : ताई, थिनर नकोच! एक तर पेट घेतो, त्यात नागपूरचा मे महिना, कूलर चालू, स्विचची ठिणगी पुरते. शिवाय गोंद पातळ होऊन कोब्याच्या छिद्रांत मुरतो अन् मग टाइल चिकटवायचं केमिकल धरत नाही. आधी सुका फोम रुंद पट्टीनं खरवडा, पट्टी आडवी धरायची, उभी धरली की कोब्याला खड्डे पडतात. मग हातभर जागेवर कढत पाण्याचं फडकं पंधरा-वीस मिनिटं ठेवून बघा, पाण्यात विरघळणारा गोंद असेल तर लोण्यासारखा मऊ होतो, तेवढाच भाग लगेच खरवडा, गार झाला की परत घट्ट. नाही सुटला तर ग्राइंडरवाला बोलवा, पण धूळ ओढणारी मशीन असलेलाच.

अन् हो, गोंद काळा डांबरासारखा निघाला तर घासूच नका, जुन्या काळ्या गोंदात अ‍ॅस्बेस्टॉस (धूळ होऊन श्वासात गेले की फुप्फुसाला घातक ठरणारे खनिज तंतू) असू शकतं, आधी तपासून घ्या. टाइल्सआधी पाणी शिंपडून बघा, थेंब मुरला नाही तर गोंद अजून बाकी आहे.