गाळा सोडा म्हणतात, पण नव्या इमारतीचं लेखी काहीच नाही

प्रश्न : सांगलीच्या जुन्या बाजारपेठेत महापालिकेच्या दुमजली मार्केटमध्ये आमचा गाळा आहे. वडिलांनी नगरपालिकेच्या काळात घेतलेला. करार केव्हाच संपला, तरी भाड्याच्या पावत्या मिळत होत्या. गेली दोन वर्षं मात्र भाडंच घेत नाहीत. 2019 आणि 2021 च्या पुरात इमारत पाण्यात होती. आता स्लॅबच्या खपल्या पडतात, सळ्या दिसतात. पाडून नवं मार्केट बांधायचा ठराव मागच्या सभागृहात झाला. मग बीओटीवर (खासगी ठेकेदाराने बांधायचं, ठरलेली वर्षं वापरायचं आणि मग पालिकेला परत द्यायचं) बांधायचं की पालिकेच्या पैशातून, यावर दोन गटांत जुंपली. मध्ये प्रशासक आले. आता नवे नगरसेवक तो ठराव रद्द करा म्हणतात. अशात धोकादायक इमारतीची नोटीस आलीय : सात दिवसांत गाळा रिकामा करा. आमच्या प्रभागातले नगरसेवक म्हणतात, "तुम्ही सोडा, नव्या इमारतीत पहिला नंबर तुमचा." सोडावा का? आणि मार्केट लवकर व्हावं म्हणून कोर्टात जाता येईल का?
– एक गाळेधारक, सांगली

उत्तर : तुमचा एक प्रश्न सात दिवसांचा आहे, दुसरा कदाचित काही वर्षांचा. आधी सात दिवसांचं बोलू.

नोटीस पुन्हा नीट वाचा. इमारत कोणत्या वर्गात टाकली आहे, ते त्यात लिहिलंय का? शासनाच्या 5 नोव्हेंबर 2015 च्या परिपत्रकाप्रमाणे सी-1 म्हणजे अतिधोकादायक, लगेच रिकामी करून पाडायची. सी-2ए म्हणजे रिकामी करून दुरुस्ती करायची, सी-2बी म्हणजे रिकामी न करता दुरुस्ती आणि सी-3 म्हणजे किरकोळ दुरुस्ती. पावसाळ्याच्या तोंडावर सरसकट छापील नोटिसा निघतात, त्यात बऱ्याचदा वर्गच नसतो. तेव्हा आजच लेखी अर्ज देऊन स्ट्रक्चरल ऑडिटच्या, म्हणजे इमारतीच्या मजबुतीच्या तपासणीच्या, अहवालाची प्रत मागा. इथे इमारतीची मालक महापालिका आणि ती धोकादायक ठरवणारीही महापालिकाच, म्हणून गाळेधारकांनी वर्गणी काढून आपला स्ट्रक्चरल इंजिनिअर आणावा. दोन अहवालांत फरक पडला, तर प्रकरण तांत्रिक सल्लागार समितीकडे पाठवा अशी मागणी करता येते.

मात्र दोन्ही अहवाल सी-1 म्हणत असतील, तर बाहेर पडा. सळ्या उघड्या पडलेल्या स्लॅबखाली गिऱ्हाईक उभं करायला कोर्टाचा स्टे आणू नये, असं मी माझ्या प्रत्येक अशिलाला सांगतो. माणूस गेला तर कुठलाच हुकूम त्याला परत आणत नाही.

गाळा रिकामा करणं आणि गाळ्यावरचा हक्क सोडणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि सगळा घोळ इथेच होतो. इमारत पडली म्हणून भाडेकरूचा हक्क आपोआप संपत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने 2014 मध्ये सांगितलं आहे. पण याचा फायदा भाडेपट्टेदाराला. ज्याच्याकडे फक्त वापराचा परवाना आहे, त्याची बाजू कच्ची. तुमच्या वडिलांच्या करारात नेमका कोणता शब्द आहे, ते पाहा. करार सापडत नसेल, तर शोध जुन्या नगरपालिकेच्या दप्तरात घ्यावा लागेल, कारण महापालिका झाली 1998 मध्ये. गाळेवाटपाचं रजिस्टर, लिलावाचा कागद, अनामत रकमेची पावती, यातलं काहीही मिळालं तरी उपयोगाचं.

आणखी एक कटू गोष्ट. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा स्थानिक स्वराज्य संस्थेच्या मालकीच्या जागेला लागूच होत नाही. शेजारच्या खासगी वाड्यातल्या दुकानदाराला जे संरक्षण आहे, ते तुम्हाला नाही. उलट भाडं थकलं किंवा विनापरवानगी पोटभाडेकरू ठेवला, तर महापालिका अधिनियमाच्या कलम 81-ब खाली आयुक्त गाळा खाली करून घेऊ शकतात. त्यावर जिल्हा न्यायाधीशांकडे अपील आहे, पण मुदत थोडी असते. म्हणून दोन वर्षांचं भाडं डीडीने पाठवा, सोबत पत्र जोडा आणि आवक विभागाचा शिक्का व आवक क्रमांक आपल्या प्रतीवर घ्या. डीडी परत आला तर तो लिफाफा फोडू नका, तसाच जपून ठेवा. तुम्ही भाडं द्यायला तयार होता, याचा तो पुरावा आहे.

गाळा सोडण्यापूर्वी पालिकेच्या अभियंत्यासमोर मोजणी करून घ्या आणि पंचनाम्याची सहीशिक्क्याची प्रत हातात आल्याशिवाय किल्ली देऊ नका. पंचनाम्यात गाळा क्रमांक, कार्पेट क्षेत्र, रस्त्याकडचं तोंड आणि मीटर नंबर यायला हवा. पोटमाळा वडिलांनी नंतर टाकला असेल तर तो क्षेत्रात धरतील अशी आशा ठेवू नका, पण फोटो काढून ठेवा. ताबा देताना पत्रात एक वाक्य घाला : "इमारत धोकादायक असल्याने पुनर्वसनाचा हक्क अबाधित ठेवून तात्पुरता ताबा देत आहे." "स्वखुशीने ताबा दिला" असा छापील मजकूर पुढे केला, तर त्यावर सही करू नका.

नगरसेवकांचं आश्वासन मनापासून असेलही. पण एका सदस्याच्या शब्दाने महापालिका बांधली जात नाही. पालिकेची मिळकत भाड्याने देताना कलम 79 प्रमाणे चालू बाजारभाव पाहावा लागतो, आणि नवे गाळे लिलावाने जावेत असा आग्रह उद्या कोणीही धरेल. तेव्हा जुन्या गाळेधारकांचं पुनर्वसन ठरावात, नावांच्या यादीसह, यायला हवं आणि तीच अट निविदेत यायला हवी. निविदा उघडल्यानंतर ठेकेदार अट घालून घेत नाही. तुमच्या बाबतीत आणखी एक मुद्दा आहे, पूररेषेचा. जागा निळ्या किंवा लाल रेषेत (नदीचा पूर कुठवर येतो ते नकाशावर दाखवणाऱ्या रेषा) येत असेल तर नव्या इमारतीचं जोतं उंच घ्यावं लागेल, खाली पार्किंग जाईल आणि गाळे वर चढतील. किराणा किंवा कापडाचं दुकान रस्त्यावरून जिना चढून गेलं की अर्धा धंदा जातो. "तेवढाच गाळा" एवढ्यावर समाधान मानू नका. मजला आणि तोंडही लिहून घ्या.

आता ठरावाचं. पेपरात बातमी आली म्हणून ठराव रद्द होत नाही. सभागृहाने रीतसर नवा ठराव करेपर्यंत, किंवा राज्य शासनाने कलम 451 खाली तो निलंबित वा विखंडित (रद्द) करेपर्यंत, जुना ठराव उभा आहे. माहिती अधिकारात अर्ज करून त्याचं इतिवृत्त मागा. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टँप, एकच विषय, दीडशे शब्दांच्या आत. विषय विषयपत्रिकेवर होता की ऐनवेळी घेतला, आणि पुनर्वसनाची यादी जोडली आहे का, एवढं त्यातून कळलं पाहिजे. ऐनवेळी घेतलेला असेल तर विरोधक आधी तिथेच बोट ठेवतील.

कोर्टात जाता येईल. ऑगस्ट 2025 पासून मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच (फिरतं खंडपीठ) कोल्हापुरात आहे, मुंबईची वारी करायला नको. पण तिथे काय मागायचं ते नीट ठरवा. बीओटी बरं की स्वनिधी, हे न्यायालय सांगणार नाही. तो निवडून आलेल्यांचा अधिकार आहे. "इमारत बांधून द्या" असा आदेशही सहसा मिळत नाही. मिळू शकतं ते एवढंच : आमच्या निवेदनावर ठराविक मुदतीत कारणांसह लेखी निर्णय द्या, आणि तोवर पुनर्वसनाची यादी निश्चित केल्याशिवाय ही जागा दुसऱ्या कोणाला देऊ नका. माझ्या मते यातली दुसरी मागणी तुमच्यासाठी जास्त मोलाची आहे. त्यासाठी आधी आयुक्तांना सविस्तर निवेदन दिलेलं असलं पाहिजे. नाहीतर पहिल्याच तारखेला विचारलं जाईल, तुम्ही मागितलं कधी?

गाळेधारकांचे दोन गट असतील, तर निवेदन तरी एकच जाऊ द्या. बीओटीबद्दल मतभेद राहू देत, त्याचा त्यात उल्लेखही नको. यादी, मोजणी, मजला आणि तोपर्यंत बसायला पर्यायी जागा, या चार गोष्टींवर कोणत्याच गटाचं दुमत असायचं कारण नाही.