पडदा, पापुद्रा आणि चुणी

विचारणा अशी आहे: आईच्या डोळ्याच्या रिपोर्टवर ‘एपिरेटिनल मेम्ब्रेन’ लिहिलंय. डॉक्टर म्हणाले, ‘पडद्यावर पडदा आलाय, सोलून काढू.’ याला मराठीत नेमकं काय म्हणावं: पडदा, पटल की झिल्ली? आणि डोळ्यात कोणी ‘सोलतं’ का?

झिल्ली नको. ती हिंदीतून आलेली, आणि संस्कृतात झिल्ली म्हणजे रातकिडा! पटल हा शब्द भारदस्त आणि जुना. सुश्रुतसंहितेत डोळ्याची सहा पटलं मोजली आहेत, त्यातली दोन पापण्यांची. पण पटल म्हणजे अवयवाचा मूळचा थर. उतारवयात वर चढलेल्या उपऱ्याला ते नाव शोभत नाही.

पडद्याला माझा सक्त विरोध आहे. बोलीत डोळ्याचा पडदा म्हणजे रेटिना. ‘पडदा सरकला’ म्हटलं की त्याच दिवशी दवाखाना गाठायचा असतो, आणि हा आजार तर बहुतेकदा सावकाश चालतो. माझ्या आत्याला ‘पडदा काढायचाय’ असं सांगितलं गेलं, तेव्हा पडदाच काढला तर दिसणार कशानं, या काळजीनं तिनं दोन दिवस नीट जेवण घेतलं नव्हतं.

मी म्हणेन पापुद्रा. वय वाढतं तसा डोळ्यातला जेलीसारखा काचद्रव मागच्या पडद्यापासून सुटतो. त्या जागी काही पेशी राहतात, काही पडद्यातल्याच आधारपेशी वर येतात, आणि सगळ्या मिळून पातळ थर विणतात. दुधावरच्या सायीची उपमा सुचते खरी, पण साय आक्रसली तरी खालच्या दुधाला काही होत नाही. इथे थरातल्या काही पेशी व्रण भरताना आक्रसतात तशा आक्रसतात आणि खालचा पडदा ओढला जातो. शिवताना दोरा जास्त ताणला की कापडाला पडते ती चुणी. इंग्रजीत या आजाराला ‘मॅक्युलर पकर’ म्हणतात, आणि ‘पकर’ म्हणजे हीच चुणी. आत्या एक डोळा झाकून खिडकीकडे बघायची तेव्हा तिला सरळ गज मधेच पोटात वाकलेले दिसायचे. थर हा पापुद्रा, त्यानं पडते ती चुणी. दोन गोष्टींना दोन शब्द लागतातच.

आता ‘सोलणे’. साल फळाची स्वतःची असते, म्हणून ती सोलतात; वर चिकटलेला थर आपण उकलतो किंवा सोडवतो. गंमत म्हणजे या शस्त्रक्रियेत दोन्ही घडतं. आधी काचद्रव काढतात, मग बारीक चिमट्यानं पापुद्रा उकलतात. पुष्कळ सर्जन त्याखालचा, पडद्याचा स्वतःचा, काही मायक्रॉन जाडीचा आतला थरही काढतात, म्हणजे पापुद्रा पुन्हा धरण्याची शक्यता घटते. हे मात्र खरंखुरं सोलणं. ब्रिलियंट ब्लू नावाचा निळा रंग या आतल्या थराला चांगला धरतो, पापुद्र्याला फारसा नाही. त्यामुळे निळ्यात जिथे फिका डाग राहतो तिथे पापुद्रा आहे हे सर्जनला कळतं. क्रियापदांतला फरक रंगानंच दाखवावा, याचं मला फार अप्रूप वाटतं.

एक शब्द जपून वापरा: ‘नजर परत येईल’. ‘सुधारेल’ म्हणा. पापुद्रा निघाला तरी चुणी लगेच मोडत नाही, महिने जातात, आणि वाकडं दिसणं थोडं उरूही शकतं. ओसीटी, म्हणजे प्रकाशानं पडद्याचा आडवा छेद दाखवणारी तपासणी, तिच्यात पडद्याचे थर एखाद्या कापलेल्या केकसारखे दिसतात. त्यात प्रकाश टिपणाऱ्या पेशींची रेघ अखंड असेल तर आशा जास्त. ती तुटली असेल किंवा पडद्याच्या मध्यावर असणारा खळगा भरून त्यावर आतले थर पसरले असतील तर कमी. शिवाय अशा शस्त्रक्रियेनंतर मोतीबिंदू लवकर वाढतो, तेव्हा आईचा मोतीबिंदू आधी झालेला नसेल तर ते डॉक्टरांना विचारून ठेवा.

रिपोर्टवर इंग्रजी नावच राहू द्या. आईला सांगताना ‘पडद्यावर पापुद्रा धरलाय, तो उकलायचाय, पडदा जागेवरच राहणार’ एवढं सांगितलंत तरी पुरे.